बाइकेचा कॉम्प्युटर

वीज येते का?

गिऱ्हाईकाने कॉम्प्युटरचा डबा माझ्या दुकानातल्या टेबलावर ठेवला की माझा पहिला प्रश्न हाच. लोकांना राग येतो. "वीज नसती तर एवढं ओझं बाजारापर्यंत कशाला वाहून आणलं असतं?" म्हणतात. तरी विचारायचं. आमच्या डोंगरातल्या नारिन गावात हिवाळ्यात घरोघरी हीटर लागतात आणि दिवे गाजरासारखे लाल होतात. वीज असते आणि नसतेही.

त्या रविवारी हा प्रश्न मी माझ्याच घरात, माझ्याच बायकोला विचारला.

"येते की," बुरुल म्हणाली. "बटण दाबलं. आत काहीतरी फिरल्यासारखं झालं आणि गप्प बसलं. बघ ना जरा, तेन्तेक."

तेन्तेक म्हणजे व्रात्य. माझं नाव तिनाय. पण आमच्यात नवी नवरी सासरच्या पुरुषांची नावं घेत नाही, धाकट्या दिराला ती स्वतःच काहीतरी नाव ठेवते. बुरुल या घरात आली ती माझ्या थोरल्या भावाची बायको म्हणून. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या बुटात बर्फ भरून ठेवला. तेव्हापासून मी तेन्तेक. भावाचं नाव तर ती कधीच घेत नसे. त्याला 'अहो'.

मग भाऊ घाटातून दरीत गेला, गाडीसकट. वर्ष झालं, घोडा कापून त्याचं जेवण घातलं, आणि त्याच जेवणाच्या पंगतीत म्हाताऱ्यांनी दाढ्या कुरवाळत ठरवलं की घरची सून घरातच राहावी. बुरुलला आईने विचारलं. ती हो म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी इतक्या पटकन हो म्हटलं असतं की सगळ्यांनी माना वळवून बघितलं असतं.

मी नवरा झालो. नाव तेन्तेकच राहिलं.


केव्हापासून बंद आहे?

माहीत नाही. दुखवट्याच्या वर्षात चित्रं नाहीत, गाणी नाहीत, म्हणून कुणी लावला नाही. लग्नानंतर बुरुलने माझ्यासमोर लावला नाही. मी तर हातही लावला नाही. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, आईने भरतकाम केलेल्या पांढऱ्या कापडाखाली तो बसून असायचा, घरातल्या मोठ्या माणसासारखा. आम्ही जेवताना तो तिथे. आम्ही झोपायला उठलो की तो तिथे.

भाऊ, म्हणजे आमचा बाइके, लग्नांचं शूटिंग करायचा. अर्ध्या गावाची लग्नं त्याच्या खांद्यावरून गेली आहेत. कॅमेरा त्याच्या मागोमाग विकला गेला. त्याचा कोट रीतीप्रमाणे मला मिळाला, बाह्या बोटांवर येतात. घर धाकट्याचं म्हणून माझं होतंच. बुरुल मिळाली. आई दोघांची होती, ती माझ्या वाट्याला अख्खी आली.

कॉम्प्युटर तेवढा त्याचाच राहिला.

"आज अचानक हा कशाला हवा तुला?" मी विचारलं.

बुरुल पाठमोरी होती, कापडाची घडी घालत होती.

"त्यांचा आवाज आठवेनासा झालाय मला," ती म्हणाली. "चेहरा आठवतो. चालणं आठवतं. परवा चुलीपाशी बसले होते आणि आवाज आठवायला गेले, तर तुझाच आला."

माझा आवाज. नवऱ्याने खूश व्हावं अशी गोष्ट आहे ना? तिचे डोळे भरले होते.


शेवटचं काय केलं होतं?

या प्रश्नाला लोक खोटं बोलतात. चहा सांडलेला असतो, पोराने सळई घातलेली असते, आणि 'काहीच नाही हो' म्हणतात. मी चेहऱ्यावरून ओळखतो.

आई, आमची आपा, दारात उभी होती. हात पिठाचे.

"आपा, याला कुणी काही केलं होतं का?"

"मी फक्त धूळ पुसते," आई म्हणाली. "आणि शुक्रवारी अर्चाच्या डहाळ्यांचा धूर फिरवते. तो तर सगळ्या घरालाच फिरवते."

"यात पाणीबिणी?"

"मी काय वासरू आहे, त्याच्यावर पाणी सांडायला? तू दुरुस्ती कर, चौकशी नको करूस."


तर मी दुरुस्ती केली. आधी तोंडदेखली.

भिंतीतला प्लग काढला, घातला. व्होल्टेज सावरणारी पेटी मध्ये लावली, ती म्हशीसारखी हंबरली. तार बदलली. मागचा छोटा खटका वर-खाली केला. बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. झोपलेल्या माणसाला हलवावं आणि त्याने फक्त कूस बदलावी तसं.

बुरुल माझ्या खांद्यामागे. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. लग्नाला दोन हिवाळे झाले, पण माझ्या कामापाशी इतक्या जवळ ती कधी उभी राहिली नव्हती.

"होईल ना?"

"बघू. जुना आहे. आतली वीजपेटी गेली असेल."

"गेली तर?"

"गेली तर गेली," मी म्हणालो. "जुन्या वस्तू जातात, बुरुल."

आता इथे एक गोष्ट, जी मला तेव्हाही माहीत होती आणि तिला नव्हती. माणसाचा आवाज या सगळ्या डब्यात नसतो. तळहाताएवढ्या एका लोखंडी तुकड्यात असतो. चार स्क्रू काढायचे, तो तुकडा खिशात घालायचा, दुकानातल्या कॉम्प्युटरला लावायचा, पाच मिनिटांत बाइके बोलायला लागला असता. बाकीचा डबा पुरून टाकला तरी चाललं असतं.

मी सांगितलं नाही.

मी गंभीर तोंड करून डबा उघडला आणि आत फुंकर मारली. बाइकेच्या काळातली धूळ माझ्या तोंडावर आली.


दुकानात काय झालं ते मध्येच सांगतो, कारण त्यामुळेच पुढचं झालं.

सोमवारी वीजपेटी तपासण्यासाठी मी काही सामान शोधत होतो. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा सापार आके, म्हणजे सापारकाका, बसतो. म्हातारा दिवसभर माझ्याकडे चहा पितो आणि माझी उणीदुणी काढतो.

"ऐकलं, भावाचा कॉम्प्युटर चालू होईना तुझ्याकडून."

"कुणी सांगितलं?"

"तुझी बायको लोकर घ्यायला आली होती. माझ्या म्हातारीला म्हणाली, तेन्तेक प्रयत्न करतोय बिचारा." त्याने 'बिचारा' असा काही ओढला की चहा कडू झाला. "सगळ्या जिल्ह्याचे डबे चालू करतोस आणि घरात दिव्याखाली अंधार."

"जुना आहे तो, आके."

"मीही जुना आहे. चालतोय." तो पुढे वाकला. "का तुलाच चालू करायचा नाहीये? खरं सांग. मेलेल्या नवऱ्याशी कुस्ती अवघड असते, पोरा. तो घामाघूम होत नाही, दमत नाही, म्हातारा होत नाही. तुझे गुडघे दुखायला लागतील तेव्हाही तो पस्तिशीचाच असणार."

"चहा संपला असेल तर उठा."

"संपला नाहीये अजून," म्हणाला, आणि रिकामी वाटी पुढे केली.

त्या दुपारी मी ठरवलं. सापारचं ऐकून शहाणा झालो असं नाही, उलट जास्त चिडलो. मी बाजारातला सगळ्यात चांगला दुरुस्तीवाला, आणि माझ्याच घरात बाइकेचा डबा माझ्याकडे पाठ करून बसणार? जिवंतपणी त्याने मला घोड्यावर हरवलं, बुद्धिबळात हरवलं, बुरुलच्या बाबतीत तर मी पटावर यायच्या आधीच हरवलं. आता मेल्यावरही?

चालू करतो, म्हटलं. मग बघू कोणाचा आवाज मोठा ते.


वीजपेटी ठीक निघाली.

तिची चाचणी सोपी असते. कॉम्प्युटरपासून सोडवायची, जुडग्यातली हिरवी तार आणि एक काळी तार चिमट्याने जोडायची. पेटी चांगली असेल तर पंखा फिरतो. फिरला, सुरेख. म्हणजे ताकद होती. पण डब्याला जोडली की अर्धा फेरा आणि बंद. याचा अर्थ कुठेतरी वीज वाटेतच जमिनीला मिळत होती, आणि पेटी स्वतःला वाचवायला हात काढून घेत होती.

बुरुलने विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे आत काहीतरी आहे, जे असायला नको."

आई स्वयंपाकघरात शेवयांसाठी कणीक लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मला तेव्हा काही वाटलं नाही.

मी एकेक गोष्ट काढत गेलो. स्मरणपट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या, घातल्या. काही नाही. नाण्यासारखी बॅटरी बदलली. काही नाही. चित्रं दाखवणारं कार्ड काढलं. त्याच्या बाजूची, डब्याच्या मागची फट उघडीच होती, पत्र्याची पट्टी बाइकेने कधीतरी काढून हरवलेली. त्याच्या वस्तूंना नेहमी एखादा स्क्रू कमी असायचा. माणसं म्हणायची, कलाकार आहे. माझा एक स्क्रू कमी पडला तर म्हणतात, निष्काळजी.

शेवटी मी मदरबोर्डच बाहेर काढला. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर ठेवला, तारा जोडल्या, बटणाच्या दोन काड्यांना पेचकसाचं टोक लावलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला.

बुरुलने माझा दंड धरला. "झालं?"

"थांब."

पुन्हा डब्यात बसवला. अर्धा फेरा. बंद.

बाहेर काढला. चालू.

आत. बंद.

"हे रे काय?" बुरुल हसली, रडवेली. "अंगणात नाचतो आणि घरात आला की मेल्यासारखा. तुझ्यासारखंच झालं."

"माझ्यासारखं कसं?"

"पूर्वी अंगणात किती दंगा करायचास. आता घरात असतोस तेव्हा…" तिने वाक्य सोडून दिलं आणि चहा आणायला गेली.

मी बोर्ड पुन्हा बाहेर काढला. पुठ्ठ्यावर पंखा फिरत होता.


मग मी रिकाम्या डब्यात डोकं घातलं.

धूळ लोकरीसारखी साठली होती. त्या लोकरीत, बटणाकडे जाणाऱ्या बारीक तारांच्या जुडीला, काहीतरी निळं लटकत होतं. मी बोटाने धूळ बाजूला केली.

निळा मणी. पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका. मण्याला सेफ्टी पिन. पिन तारांच्या जुडीत टोचलेली, पण तिचं तोंड उघडलेलं, आणि टोक नेमकं तिथे शिरलेलं जिथे मदरबोर्डची पाठ डब्याच्या पत्र्याला सगळ्यात जवळ येते. बोर्ड बाहेर काढला की टोक सुटायचं. आत बसवला की पुन्हा टोचायचं.

आमच्या घरात अशा पिना सगळीकडे आहेत. पडद्यांच्या आत, वासराच्या पट्ट्याला, माझ्या शाळेच्या जुन्या दप्तराला. दृष्ट लागू नये म्हणून. पण त्या कापडाला टोचतात. यंत्राच्या पोटात कुणी टोचत नाही.

बशीत पिन ठेवली आणि स्वयंपाकघरात गेलो.

"आपा. हे कुणाचं?"

आईने बघितलं. लाटणं बाजूला ठेवलं, एप्रनला हात पुसले. कुठे सापडलं असं तिने विचारलं नाही.

"कापडाला टोचली होती आधी," ती म्हणाली. "कापड घसरायचं, पिन दिसायची. मग मागच्या फटीतून बोटं घातली. आतल्या दोऱ्यांना टोचली. कुणाला दिसू नये म्हणून."

"त्या दोऱ्या नाहीत, आपा, तारा आहेत! दोन वर्षं तो यामुळे मेलेला आहे. तुझ्या पिनेमुळे!"

"मला काय कळतं यंत्रातलं? मी त्याला जपायला टोचली."

"कुणापासून जपायला? बाइके गेला. घरात कोण येतं बघायला? कुणाची दृष्ट लागणार होती त्याला?"

आई माझ्याकडे बघत राहिली. माझ्या आईचे डोळे फिकट आहेत, बर्फावरच्या उन्हासारखे. त्यांच्याकडे फार वेळ बघवत नाही.

"तुझी," ती म्हणाली.

चुलीवर पाणी उकळत होतं.

"लग्नानंतर तू जेवायला बसलास की घास तोंडात आणि नजर त्या कोपऱ्यात," आई हळू आवाजात म्हणाली, बुरुलला ऐकू जाऊ नये म्हणून. "मी दोघांची आई आहे, पोरा. एकाने दुसऱ्याच्या ताटात कसं बघितलं ते मला तुमच्या लहानपणापासून कळतं. त्याचं एवढं एकच राहिलंय या घरात. म्हटलं, तेवढं तरी राहू दे."

मला म्हणायचं होतं की मी काहीही केलं नाही. खरंच केलं नव्हतं. हात लावला नव्हता. पण आईने माझ्या हाताबद्दल काही म्हटलंच नव्हतं.


बोर्ड परत बसवून डबा बंद करताना मला फार वाटलं, पिन पुन्हा आत टाकावी. सांगावं, बोर्ड गेला, मुळातूनच गेला. आईने कबूल केलं असतं की चूक तिची. बुरुल रडली असती, मी तिला जवळ घेतलं असतं. वर्षभराने तिने पुन्हा आवाज आठवायला घेतला असता तर पुन्हा माझाच आला असता, आणि त्याच्या वर्षभराने तिने आठवणंही सोडलं असतं.

बुरुल चहाच्या वाट्या घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवली, कडेला मलई लावलेली, मला आवडते तशी.

"मिळालं का, काय होतं ते?"

पिनेची बशी माझ्या गुडघ्यापाशी होती.

"मिळालं," मी म्हणालो. "हे. बटण दाब."

तिने दाबलं.

पंखा फिरला. आत खरखर झाली, पडदा उजळला, आणि बाइकेने लावलेलं चित्र आलं: डोंगरातलं तळं, एकही माणूस नाही. बुरुलने दोन्ही हात तोंडावर धरले. आई दारात येऊन उभी राहिली.

"कुठे बघू?" बुरुलने विचारलं. तिला माउस धरता येत नव्हता. मी तिच्या हातावर हात ठेवून नेला. 'घर' नावाचा कप्पा होता. आत शूटिंगचे दहा-बारा तुकडे. सगळ्यात वरचा उघडला.

आमचं अंगण. हिवाळा. वासरावर बसलेला मी, उलटा, शेपटीकडे तोंड करून, डोक्यावर बाइकेची फेल्टची टोपी, आणि हातात लगाम म्हणून शेपूट. वासरू गोल गोल पळतंय. मी लग्नातल्या म्हाताऱ्यासारखं भाषण ठोकतोय. कडेला बुरुल, हातात दुधाची बादली. ती हसतेय. हसता हसता बादली खाली ठेवते, पोट धरते, बर्फातच बसते.

तशी ती हसताना मी लग्नानंतर एकदाही बघितली नव्हती. वासरावरच्या त्या गाढवाचा मला हेवा वाटला.

पडद्यावरची बुरुल कॅमेऱ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी. "अहो, बघा ना याच्याकडे!"

आणि आवाज आला. अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या मागून. खोलीत कुणीतरी उभं असल्यासारखा.

"बघतोय."

माझ्या बाजूला बुरुल पडद्याकडे वाकली.

"बघतोय ना," बाइके म्हणाला. थोडा वेळ नुसता वारा, वासराचे खूर. मग, हळू, जणू हे कॅमेऱ्यात जाणार हे तो विसरला होता: "माझ्या एखाद्या गोष्टीवर कधी अशी हसलीस का गं?"

पडद्यावरच्या बुरुलचं हसू उतरलं. "काय म्हणालात?"

"काही नाही. ये रे तेन्तेक, उतर आता. पुरे झाला तमाशा."

चित्र एकदम खाली गेलं. बर्फ. दोन बूट. एका बुटाची नाडी सुटलेली. मग संपलं.

तो एवढाच दिसला. नाडी सुटलेला बूट.


खोलीत पंखा तेवढा फिरत होता.

"असाच होता," बुरुल म्हणाली. "हाच आवाज." गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसत नव्हती. मग माझ्याकडे वळली, आणि माझ्या तोंडाकडे असं बघत राहिली जणू मी अजून वासरावर उलटा बसलोय. "त्यांना असं वाटायचं हे मला माहीत नव्हतं रे," ती म्हणाली. "तुला होतं?"

मी मान हलवली. नाही.

तिने माउस धरला आणि स्वतःच, या वेळी माझ्या हाताशिवाय, तोच तुकडा पुन्हा लावला. अंगण. वासरू. मी.

आई आत आली. माझ्या गुडघ्यापाशी वाकली, बशीतली पिन उचलली, एप्रनने तिच्यावरची धूळ पुसली, तोंड मिटतंय का ते दोनदा बघितलं.

"मान वाकव," ती म्हणाली.

पडद्यावर बुरुल हसायला लागली होती. मी मान वाकवली. आईने माझ्या सदऱ्याची कॉलर उलटी केली, थंड, पिठाच्या बोटांनी कापड चिमटीत धरलं, आणि निळा मणी आतल्या बाजूने, मानेशी, टोचला.